'पूर्ण संच' लिहिलंय, पण पूर्ण कुठला? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की रात्री अर्धी बघून ठेवलेली एक जुनी कॉमेडी सिरीज सकाळी ॲपवरून गायब झाली आणि मग मी माळ्यावरून डीव्हीडीचा खोका खाली उतरवला. बस, तेवढ्यावर इतक्या मेल आल्या की ह्या महिन्याचं सगळं सदर त्यातच संपलं. मोबाईलवाल्यांचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : नवऱ्याच्या पन्नाशीला 'फ्रेंड्स'चा अख्खा बॉक्ससेट द्यायचा विचार आहे. लग्न ठरल्यावर तो आमच्याकडे यायचा तेव्हा केबलवर हेच लागलेलं असायचं आणि माझ्या बाबांना काही कळायचं नाही म्हणून आम्ही दोघं निवांत हसायचो. वापरलेल्या डीव्हीडी स्वस्त मिळतायत, ब्लू-रे महाग आहे, दुकानदार म्हणतो ब्लू-रेच घ्या, क्लिअर आहे. आणि मुलगी म्हणते ॲपवर दिसतंय की फुकट, कशाला पैसे घालवतेस. – एक वाचक, ठाणे

ताई, द्याच. ॲपवरची सिरीज म्हणजे शेजारच्या झाडाचा आंबा, कुंपणाच्या ह्या बाजूला पडला तेवढाच आपला. आणि मुलीला सांगा की फुकट नाहीये ते, दर महिन्याला बाबाच्याच कार्डावरून पैसे जातायत.

आता मुद्द्याचं. दुकानदार चित्राबद्दल खरं बोलतोय, पण एक गोष्ट तो सांगत नाहीये, किंवा त्याला माहीतच नसेल. फ्रेंड्स १९९४ ते २००४ चाललं, १० सीझन, २३६ एपिसोड, आणि प्रत्येक एपिसोडला जाहिराती वजा जाऊन साधारण २२ मिनिटं मिळायची, त्यामुळे शूट केलेलं बरंच काही एडिटिंगमध्ये उडायचं. डीव्हीडी काढल्या तेव्हा त्यातल्या पुष्कळ एपिसोडमध्ये हे उडवलेले तुकडे परत जोडले, कुठे एखादा जोक, कुठे त्यातल्या चँडलरचं एखादं जास्तीचं वाक्य, कुठे अख्खा छोटासा सीन. मग २०१२ मध्ये ब्लू-रे आली. चित्र नव्याने स्वच्छ केलेलं, रंग मस्त, सगळं छान, पण एपिसोड मात्र टीव्हीवर लागायचे त्याच लांबीचे. जोडलेले तुकडे गेले. ॲपवर जे दिसतं तेही हेच. म्हणजे तुमच्या घरी ज्याला सगळे डायलॉग पाठ आहेत त्याला ब्लू-रे दिली तर तो म्हणेल वा, काय क्लिअर आहे, आणि जुनी डीव्हीडी दिली तर मधेच ताडकन उठून बसेल, अरे हे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं. गिफ्ट कुठलं भारी ते तुम्हीच सांगा.

दुसरी भानगड चित्राच्या आकाराची. तेव्हाचे टीव्ही जवळजवळ चौकोनी, ४:३ चे, आणि फ्रेंड्स शूट व्हायचं ३५ एमएम फिल्मवर. फिल्मवर दोन्ही कडेला थोडं जास्तीचं टिपलं जायचं, ते टीव्हीवर दिसणार नाही हे कॅमेरामनला माहीत असायचं, म्हणून तिकडे कोणी लक्ष द्यायचं नाही. रुंद टीव्हीसाठी नवीन प्रिंट काढताना त्या कडा उघडल्या. त्यामुळे होतं काय, की कधी सेटची भिंत जिथे संपते ते टोक दिसतं, कधी नटीच्या जागी नुसतं उभं केलेलं बदली माणूस कडेला दिसून जातं. मला स्वतःला ते शोधत बसायला आवडतं पण तो माझा आजार आहे, तुमच्या नवऱ्याला नसावा.

म्हणून माझं मत, वापरलेल्या डीव्हीडी घ्या. पण घ्यायच्या आधी दहाही सीझन आहेत का आणि प्रत्येक सीझनच्या सगळ्या डिस्क आहेत का हे स्वतः मोजा, 'आहे हो सगळं' ह्यावर जाऊ नका. आणि हो, घरात डीव्हीडी प्लेअर चालू स्थितीत आहे ना? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने बॉक्ससेट आणून केक कापला आणि मग दोघांना आठवलं की प्लेअर दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिलाय.

प्रश्न : सर, मी २३ वर्षांचा आहे, 'साइनफेल्ड' नुकतंच ॲपवर बघून संपवलं आणि वेडा झालोय. आता डिस्क घ्याव्या म्हणतो. पण मित्राकडची डीव्हीडी लावली तर टीव्हीच्या दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात, चित्र मधेच अडकल्यासारखं. ही डिफेक्टिव्ह कॉपी आहे का? – नाशिक

मित्रा, डिफेक्टिव्ह नाही, तीच खरी आहे. साइनफेल्ड १९८९ ते १९९८, ९ सीझन, १८० एपिसोड, सगळं ४:३ साठी रचलेलं. तू जे ॲपवर बघितलंस ते रुंद केलेलं आहे, आणि रुंद करताना कडेला जे थोडंफार मिळालं ते घेतलं पण वरचं आणि खालचं कापलं. ह्याची सगळ्यात गंमतशीर शिक्षा 'द पॉटहोल' नावाच्या एपिसोडला झाली. जॉर्ज ह्या पात्राची किल्ली रस्त्यावरच्या खड्ड्यात बुजली जाते अशी गोष्ट, तो आणि त्याचा मित्र जेरी उभे राहून खाली खड्ड्याकडे बघतायत, आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ती सिरीज आली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की त्या शॉटमध्ये खड्डाच नाही! कापला गेला. दोन माणसं नुसती जमिनीकडे बघत उभी. आपल्याकडच्या कॉर्पोरेशनला एवढ्या झटपट खड्डा गायब करता आला असता तर काय पाहिजे होतं.

तेव्हा पट्ट्यांची सवय कर, दुसऱ्या एपिसोडला ते दिसेनासे होतात. रिमोटवरचं झूम किंवा स्ट्रेचचं बटण मात्र दाबू नकोस, त्याने तर सगळे जण आडवे वाढल्यासारखे दिसतात. आणि नवीन एचडी किंवा ४के सेट घेणार असशील तर बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात ॲस्पेक्ट रेशो लिहिलेला असतो, १.३३ किंवा ४:३ असेल तर जुना आकार, १.७८ किंवा १६:९ असेल तर रुंद केलेला. पुढून चित्र कितीही चकचकीत असो, आधी मागची बाजू वाच.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना आमच्या एका साहेबांनी कुठूनतरी 'येस मिनिस्टर'च्या कॅसेट आणल्या होत्या, दार लावून आम्ही चौघांनी पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे बघायची लाज वाटली, इतकं ते आमच्याच ऑफिसचं होतं. आता लेक लंडनहून दिवाळीला येतेय, ती डीव्हीडी आणते म्हणते पण जावई म्हणतात तिकडची डिस्क इकडे चालत नाही. खरं काय? – कोल्हापूर

काका, जावई अर्धे बरोबर आहेत. डीव्हीडीचे जगभर विभाग पाडलेत, इंग्लंड २ नंबर, अमेरिका १, आपण ५. इंग्लंडच्या बॉक्सवर छोट्या पृथ्वीच्या चित्रात २ लिहिलेलं असेल, कधी २ आणि ४ दोन्ही, आणि आपल्याकडचा फक्त ५ नंबरला बांधलेला प्लेअर ती डिस्क नाकारणार. पण मल्टी-रीजन प्लेअर सगळं घेतात, आणि बऱ्याच साध्या प्लेअरचं कुलूप रिमोटवरून एक कोड दाबून निघतं, मॉडेल नंबर घालून नेटवर शोधा नाहीतर टीव्ही रिपेअरवाल्याला विचारा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर बघणार असाल तर जपून, त्यात विभाग फक्त ५ वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जिथे ठेवला तिथेच तो कायमचा बसतो, नातवाला हात लावू देऊ नका. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे, इंग्लंडची टीव्ही पद्धत 'पाल' (PAL) आणि आपलीही 'पाल', त्यामुळे रंग उडाले, चित्र थरथरलं असला त्रास नाही. तुमच्या साहेबांच्या कॅसेट चालल्या त्याही म्हणूनच असणार.

लेकीला एकच गोष्ट बजावून सांगा, बॉक्सवर 'येस मिनिस्टर' आणि 'येस प्राइम मिनिस्टर' दोन्ही नावं पाहिजेत. नुसतं पहिलं आणलं तर त्यातला मंत्री जिम हॅकर पंतप्रधान होणार एवढ्यावर तुमची दिवाळी थांबेल. पहिल्याचे तीन सीझन, प्रत्येकी ७ असे २१ एपिसोड, मग १९८४ चा एक तासाभराचा ख्रिसमस स्पेशल, ज्यात खुर्चीची सगळी फिरवाफिरवी होते, आणि नंतर १९८६ ते १९८८ मधले १६. एकूण ३८. मोजून घ्या. इंग्रजी सबटायटल आहेत का तेही बघायला सांगा, कारण मंत्र्याचा सचिव सर हम्फ्री, त्याचं एक वाक्य कुठे सुरू झालं हे ते संपेपर्यंत आपल्याला आठवत नाही, लिहिलेलं समोर असलं की निदान क्रियापद सापडतं. (तुम्हाला नोटिंग ड्राफ्टिंगची सवय असेल तर कदाचित गरज पडणार नाही.) हिंदीत ह्याचंच 'जी मंत्रीजी' झालं होतं, २००१ च्या सुमारास, फारूख शेख मंत्री. ते बघितलं असेल तर मूळ बघायला अजून मजा येईल.

चित्र मात्र फार अपेक्षेने लावू नका. त्या काळात ब्रिटिश सिरीज स्टुडिओतलं सगळं व्हिडिओ टेपवर घ्यायच्या आणि बाहेरचं १६ एमएम फिल्मवर, म्हणून मंत्री खोलीतून रस्त्यावर आला की चित्राचा पोतच बदलतो, एकदम दाणेदार आणि मळकट. ती तुमच्या डिस्कची चूक नाही. टेपवर जेवढ्या रेघा होत्या तेवढ्याच आजही आहेत, त्यातून जास्त काही निघत नाही, म्हणून ह्या सिरीजसाठी डीव्हीडी पुरेशी आहे. उलट गंमत बघा, अमेरिकेतली 'आय लव्ह लूसी' १९५१ ची, ह्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची, काळी-पांढरी, आणि तरी दिसायला कितीतरी स्वच्छ. कारण ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ हट्टाला पेटले होते की आम्ही न्यूयॉर्कला येणार नाही, हॉलिवूडमध्ये राहूनच करणार. त्या वेळी देशभर एकदम दाखवायची सोय नव्हती, न्यूयॉर्कला लाइव्ह करायचं आणि बाकीच्यांना टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेली धुरकट कॉपी पाठवायची अशी पद्धत. ह्यांनी तीन कॅमेरे लावून ३५ एमएम फिल्मवर, समोर प्रेक्षक बसवून शूट केलं, त्यासाठी स्वतःचे पैसे कमी करून घेतले, आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. चॅनेलला वाटलं एकदा दाखवून झालेल्या प्रोग्रॅमचं कोण काय करणार, देऊन टाका. पुढे त्याच चॅनेलला ते एपिसोड पैसे मोजून परत विकत घ्यावे लागले. काका, तुमच्या ऑफिसात असा निर्णय घेणाऱ्याची फाइल कुठे गेली असती?

प्रश्न : मी १९८४ ला इकडे अमेरिकेत आलो, सुरुवातीला इंग्रजी कानाला बसावं म्हणून रोज संध्याकाळी 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'चे रिपीट बघायचो. आता मुलांना दाखवायला पहिल्या सीझनची डीव्हीडी जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली, तर रेडिओवर गाणीच वेगळी! मला वाटलं वय झालं, आठवत नाही. बायको म्हणते तुम्हाला कधीच काही आठवत नव्हतं. – एडिसन, न्यू जर्सी

वहिनींना हा अंक वाचायला द्या, तुमची स्मृती शाबूत आहे. गाणी खरंच बदललीयत, आणि होम व्हिडिओच्या जगात हे प्रकरण इतकं गाजलंय की गाण्यांच्या हक्कांचा विषय निघाला की लोक पहिलं उदाहरण ह्याचंच देतात.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, ही एका डबघाईला आलेल्या रेडिओ स्टेशनची गोष्ट, १९७८ ते १९८२, ९० एपिसोड. स्टेशन रॉक वाजवणारं, त्यामुळे मागे सतत त्या काळातली खरीखुरी हिट गाणी वाजतायत, आणि नुसती मागे वाजत नाहीत, पात्रं त्यावर बोलतात, डीजे गाणं कुठलं लावतो ह्यावरून त्याचा मूड कळतो. ही गाणी वापरायची परवानगी घेतली होती ती टीव्हीवर दाखवण्यापुरती, आणि तीही ठरावीक वर्षांची. घरी विकत घेऊन बघायची वस्तू तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हती, तर करारात कुठून येणार. अजून एक मासला, ही सिरीज फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर केली कारण टेपवरच्या प्रोग्रॅमला गाण्यांचे हक्क स्वस्तात मिळायचे. म्हणजे गाण्यांसाठी चित्राचा दर्जा सोडला, आणि पुढे गाणीही गेली.

मुदत संपल्यावर प्रत्येक गाण्यासाठी नव्याने पैसे, आणि तोवर ती गाणी म्हणजे सोनं झालेली. मग काय, २००७ मध्ये पहिल्या सीझनची डीव्हीडी आली त्यात बहुतेक ठिकाणी भाड्याचं, कोणालाही न ओळखता येणारं संगीत भरलं. जिथे पात्रं बोलत असताना मागे गाणं वाजत होतं तिथे तर अजून पंचाईत, नुसतं गाणं काढता येत नाही म्हणून काही ठिकाणी संवादावरही हात फिरवला, काही तुकडे कापलेच. तुम्ही जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललीत ती हीच असणार.

पण वाईट वाटून घेऊ नका. २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी नावाच्या कंपनीने पूर्ण सिरीजचा सेट काढला, त्यात एकेक गाण्याच्या मागे लागून बहुतांश मूळ संगीत परत आणलंय. सगळं नाही, बहुतांश. तुम्हाला तो पाहिजे. 'पूर्ण' शब्द बघून घेऊ नका, काढणाऱ्याचं नाव आणि वर्ष बघून घ्या. आधीची डिस्क टाकू मात्र नका, मुलांना एकच एपिसोड दोन्हीवर लावून दाखवा, गाण्याशिवाय सीन कसा बिनमिठाच्या आमटीसारखा होतो ते त्यांना न सांगता कळेल.

प्रश्न : 'मॅश'मधलं ते मागचं हसणं डोक्यात जातं. युद्धातलं हॉस्पिटल आणि लोक हसतायत. त्याच्याशिवाय मिळतं का कुठे? – पुणे ३०

मिळतं, डीव्हीडीवरच. ऑडिओच्या मेनूत जायचं, हसण्याशिवायचा ट्रॅक निवडायचा, संपलं. करणाऱ्यांनाही ते हसणं नकोच होतं, चॅनेलने लादलं, मग निदान ऑपरेशनच्या सीनमध्ये नको एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं. इंग्लंडमध्ये बीबीसी ते बिनहसण्याचंच दाखवायची. एकदा तसं बघितलंत की सिरीजच वेगळी वाटते, आणि त्यातल्या हॉकआय डॉक्टरचे काही जोक जोक नसून रडणं आहे हे दिसायला लागतं. २५१ एपिसोड आहेत, घाई करू नका.

प्रश्न : 'माइंड युअर लँग्वेज'चा पूर्ण सेट घेतला, २९ एपिसोड निघाले. नेटवर ४२ लिहिलंय. फसवलं का मला? – औरंगाबाद

नाही हो. १९७७ ते ७९ मधले लंडनच्या चॅनेलचे २९, तेच सगळ्यांच्या आठवणीतले, ज्यावरून आपल्याकडे पंकज कपूरचं 'जबान संभाल के' झालं. उरलेले १३ एपिसोड १९८६ मध्ये वेगळ्यांनी काढले, बॉक्समध्ये सहसा नसतात. सरदारजी, जमिला, अली सगळे जुन्यातच भरपूर आहेत. आणि आज बघताना काही विनोदांना मुलं भुवया उंचावतील, ती तयारी ठेवा, माझ्या पुतणीने तर मला अर्धा तास लेक्चर दिलं आणि मग मेली उरलेली डिस्क घेऊन गेली.

प्रश्न : 'फॉल्टी टॉवर्स' ऑनलाइन एका विक्रेत्याकडे मिळतंय, तीन सीझन, सगळं दोन डिस्कमध्ये, किंमत अगदीच कमी. घेऊ का? – डोंबिवली

थांबा, कार्ड खिशात ठेवा. फॉल्टी टॉवर्सला तिसरा सीझन नाही. १९७५ मध्ये ६ आणि १९७९ मध्ये ६, एकूण १२ एपिसोड, जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ दोघांनी मिळून लिहिले आणि तिथेच थांबले. तिसरा सीझन विकणारा काहीही विकू शकतो.

मला हे कसं माहीत, तर मीही घेतलाय. विक्रेत्याचं नाव आता त्यालाही आठवत नसेल. तिसऱ्या सीझनच्या नावाखाली पहिल्याचेच एपिसोड उलट्या क्रमाने टाकले होते. पाकीट उघडल्यावरच कळायला हवं होतं, डिस्कची खालची बाजू जांभळट होती. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी किंवा सोनेरी झाक असलेली दिसते, घरच्या बर्नरवर काढलेली जांभळी-निळसर. कव्हरवरची अक्षरं झेरॉक्ससारखी पसरलेली, आतल्या छपाईत त्यातल्या वेटरचं, मॅन्युएलचं, नावच चुकलेलं, आणि एका एपिसोडच्या कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा लोगो. टीव्हीवरून रेकॉर्ड केलं होतं राव, मधेच एकदा खाली पावसाचा इशाराही सरकत गेला. तो इशारा डोंबिवलीचा नव्हता एवढं नक्की.

परत करायला फोन केला तर म्हणाला, साहेब तुम्हाला पाहिजे तर चौथा पण आहे.